पोटातली कळ

पॅथॉलॉजी लॅबवाले एक लहानशी प्लास्टिकची डबी देतात. झाकणाला आतून इवलासा चमचा असतो. घरी आणल्यावर ती डबी कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या पिशवीत गुंडाळून ती लॅबच्या काउंटरवर जाते. देणारा मान वर करत नाही आणि घेणाराही फार बोलत नाही. ज्या गोष्टीची आपल्याला इतकी लाज वाटते, तिच्यातूनच आधुनिक जीवशास्त्राचा एक मोठा धडा बाहेर आला आहे. ही त्याचीच तवारीख.

मराठीत ‘कळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पोटात येते ती कळ आणि दाबली की यंत्र सुरू होते तीही कळ. हा लेख दुसऱ्या कळीविषयी आहे, पण ती कळ आहे पोटातच. आपल्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंकडे हजारो जनुके असतात. ती सगळी एकाच वेळी काम करत नाहीत. कोणते जनुक कधी उघडायचे आणि कधी बंद ठेवायचे, याची व्यवस्था प्रत्येक जिवाणूजवळ असते. शास्त्रज्ञ तिला ‘जनुक नियंत्रण’ म्हणतात. ही व्यवस्था माणसाला कशी उमगली आणि आज ती विष्ठेच्या नमुन्यातून कशी वाचली जाते, ते समजून घेताना आपल्या औषधांच्या सवयींचाही विचार करावा लागतो.

बाळाच्या लंगोटातला जिवाणू

1880च्या दशकात युरोपात तान्ही मुले जुलाबाने मोठ्या संख्येने दगावत होती. म्युनिकमध्ये थिओडोर एशरिश नावाचा तरुण बालरोगतज्ज्ञ होता. आजारी बाळाच्या पोटात काय बिघडले, हे शोधायचे तर निरोगी बाळाच्या पोटात काय असते ते आधी कळायला हवे, असा त्याचा सरळ विचार होता. त्याने बाळांच्या शौचाचे नमुने तपासायला घेतले. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पहिल्या काळपट शौचात त्याला जिवाणू आढळले नाहीत, पण दिवसभराच्या आत ते दिसू लागत.

1885 साली त्याने या जिवाणूंची माहिती जाहीर केली. त्यातल्या एका काडीसारख्या जिवाणूला त्याने ‘बॅक्टेरियम कोलाय कम्यून’ म्हटले, म्हणजे मोठ्या आतड्यात सर्रास आढळणारा जिवाणू. पुढे एशरिशच्याच नावावरून त्याचे ‘एशरिशिया कोलाय’ झाले. आज सगळे जग त्याला ई. कोलाय म्हणून ओळखते.

हा जिवाणू प्रयोगशाळेत सहज वाढतो. त्याला हवा चालते, खायला साधी साखर पुरते आणि चांगले पोषण मिळाले तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. त्यामुळे तो जगभरच्या प्रयोगशाळांचा लाडका झाला. मात्र या लाडापायी तो पोटातून काचेच्या चंबूत आला आणि पुढची कित्येक दशके तिथेच राहिला.

नाझींच्या ताब्यातले पॅरिस

1940 साली पॅरिस जर्मन फौजांच्या ताब्यात होते. सॉर्बोन विद्यापीठात जाक मोनो हा तरुण संशोधक ई. कोलायला एकाच चंबूत दोन साखरा देऊन पाहत होता. त्यातली एक ग्लुकोज आणि दुसरी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. जिवाणू दोन्ही एकदम खातील आणि वाढीचा आलेख सरळ चढत जाईल, अशी अपेक्षा होती. आलेख मात्र चढला, मध्येच सपाट झाला आणि काही वेळाने पुन्हा चढला. जिवाणू आधी ग्लुकोज संपवत होते. मग थोडा वेळ थांबत आणि त्यानंतर लॅक्टोजकडे वळत.

त्या मधल्या वेळात नेमके काय घडत होते? लॅक्टोज फोडणारे एन्झाइम जिवाणूजवळ तोवर तयार नव्हते. ते बनवण्याची क्षमता होती, पण गरज नसल्याने कळ बंद होती. मोनोने हा आलेख पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंद्रे ल्वॉफ यांना दाखवला. त्यांनी त्याला हाच धागा पकडायला सांगितले. 1941मध्ये मोनोचा प्रबंध पूर्ण झाला.

त्याच काळात मोनो जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत उतरला. त्याची पत्नी ओदेत ज्यू होती, त्यामुळे हे संकट त्याच्या घरापर्यंत आलेले होते. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये युजीन आणि एलिझाबेथ वोलमन हे ज्यू दांपत्य काम करत असे. काही विषाणू जिवाणूच्या आत पिढ्यानपिढ्या निपचित पडून राहतात आणि अचानक जागे होतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. 1943च्या डिसेंबरमध्ये या दोघांना पकडून ऑशविट्झच्या छळछावणीत पाठवण्यात आले. तिथून ते परतले नाहीत.

फ्रान्स्वा जाकोब हा वैद्यकीचा ज्यू विद्यार्थी 1940मध्येच देश सोडून इंग्लंडला गेला होता. तो स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत भरती झाला. आफ्रिकेच्या मोहिमांतून तो वाचला, पण 1944मध्ये नॉर्मंडीत गंभीर जखमी झाला. सर्जन व्हायचे त्याचे स्वप्न त्या जखमांनी संपवले. काय करावे ते सुचत नसताना 1950मध्ये तो ल्वॉफ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. ही प्रयोगशाळा इमारतीच्या अगदी वरच्या पोटमाळ्यावर होती.

वोलमन दांपत्याचा अर्धवट राहिलेला विषय तोवर ल्वॉफ यांनी हाती घेतला होता. जाकोबला त्याच विषयात काम मिळाले आणि त्याच्यासोबत काम करणारा सहकारी होता एली वोलमन, त्याच दांपत्याचा मुलगा. मारल्या गेलेल्या आईवडिलांचा प्रश्न मुलाने त्याच संस्थेत पुढे नेला. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत.

पाजामो प्रयोग

पोटमाळ्याच्या एका टोकाला जाकोब निपचित विषाणूंवर काम करत होता आणि दुसऱ्या टोकाला मोनो लॅक्टोजवर. दोघांना वाटे की आपले विषय वेगळे आहेत. 1957 ते 1959 या काळात अमेरिकेहून आलेला आर्थर पार्डी, जाकोब आणि मोनो यांनी मिळून एक प्रयोग केला. तिघांच्या नावांची पहिली अक्षरे जोडून त्याला ‘पाजामो’ नाव पडले आणि गमतीने सगळे त्याला पायजमा प्रयोग म्हणू लागले. आपल्याकडून इंग्रजांबरोबर युरोपात गेलेला पायजमा असा थेट जनुकशास्त्रात पोचला.

या प्रयोगातून असे दिसले की लॅक्टोजची जनुके मुळात उघडीच असतात. त्यांना रोखून धरणारा एक पदार्थ जिवाणू स्वतः तयार करतो. 1958च्या उन्हाळ्यात जाकोब सिनेमा पाहायला गेला असताना त्याच्या लक्षात आले की त्याचे विषाणू आणि मोनोचे लॅक्टोज ही एकच गोष्ट आहे. दोन्ही ठिकाणी जनुकांच्या दारावर रखवालदार बसलेला असतो आणि तो हटला की जनुके कामाला लागतात.

1961मध्ये जाकोब आणि मोनो यांचा प्रसिद्ध निबंध आला. एका कामाची जनुके डीएनएवर शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्या आधी एक जागा असते. रखवालदार, म्हणजे रिप्रेसर नावाचे प्रथिन, त्या जागेवर बसलेले असते. लॅक्टोज आत आले की त्यातून बनलेला एक रेणू रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसरचा आकार बदलतो आणि तो जागा सोडतो. या सगळ्या संचाला त्यांनी ‘ऑपेरॉन’ म्हटले. ल्वॉफ, मोनो आणि जाकोब यांना 1965चे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी रिप्रेसर प्रत्यक्ष वेगळा करून दाखवला. एका जिवाणूत त्याचे अवघे दहाएक रेणू असतात.

ई. कोलायबाबत जे खरे तेच हत्तीबाबतही खरे, असे मोनो म्हणत असे. हत्तीचे सोडा, पण ज्या आतड्यातून हा जिवाणू आला, तिथल्या इतर जिवाणूंबाबत तरी ते खरे होते का? हे पाहण्याचे साधन तेव्हा कुणाजवळ नव्हते.

हवा लागली की मरणारी वस्ती

मोठ्या माणसाच्या आतड्यात ई. कोलाय साधारणपणे शंभरात एकही नसतो. आपल्या शरीरात मिळून सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असल्याचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. तिथे प्राणवायू जवळपास नसतो आणि तिथल्या बहुसंख्य जिवाणूंना तो सोसत नाही. नमुना उघड्या बशीत ठेवला की खरी वस्ती मरते आणि हवा चालणारा ई. कोलाय तेवढा वाढतो. गावातली बहुतेक घरे बंद असावीत आणि पाहुण्याने चावडीवर भेटलेल्या एकालाच सगळे गाव समजावे, तसे हे झाले.

अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी गाईगुरांच्या पोटातले जिवाणू वाढवण्यासाठी हवाबंद नळ्यांची पद्धत बसवली होती. त्याच वाटेने जात 1974मध्ये मूर आणि होल्डमन यांनी माणसाच्या विष्ठेतले शंभराहून अधिक प्रकार वेगळे केले. इलिनॉय विद्यापीठात अबिगेल सॅलियर्स यांनी या वस्तीतल्या एका मोठ्या कुळावर, बॅक्टेरॉइडिसवर, आयुष्य वेचले. भात, भाकरी, कडधान्यातले जे पिष्ट आपल्याला पचत नाही ते हे जिवाणू कसे पकडतात, हे त्यांनी दाखवले. पिष्टाचे तुकडे समोर आले की त्यासाठीची जनुके उघडतात. इथेही कळ होती, फक्त तिची रचना ई. कोलायहून वेगळी होती.

सॅलियर्स यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट शोधली आणि ती आपल्याला थेट लागू आहे. बॅक्टेरॉइडिसमध्ये टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे जनुक असते. डीएनएच्या ज्या तुकड्यावर ते बसलेले असते, तो तुकडा एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो. एरवी हे स्थलांतर क्वचित घडते. पण टेट्रासायक्लिनची थोडीशी मात्रा लागली की ते शंभर ते हजार पटींनी वाढते. जिवाणूला मारण्यासाठी दिलेले औषधच प्रतिकार वाटण्याची कळ दाबत होते. 2001 साली याच गटाने जुने आणि नवे नमुने ताडून पाहिले. तीन दशकांत हे जनुक बाळगणाऱ्या बॅक्टेरॉइडिसचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 80 टक्क्यांच्या पुढे गेले होते.

सगळ्यांचा डीएनए एकाच वेळी

तरीही आतड्यातले पुष्कळ जिवाणू प्रयोगशाळेत वाढायला तयार नव्हते. मग एक वेगळी युक्ती पुढे आली. जिवाणू वाढवण्याची खटपट न करता नमुन्यातला सगळ्यांचा डीएनए एकत्र काढायचा आणि वाचायचा. 1998मध्ये जो हँडल्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या जिवाणूंच्या अशा एकत्रित डीएनएला ‘मेटाजिनोम’ हा शब्द वापरला. त्यावरून या शास्त्राचे नाव मेटाजिनोमिक्स पडले.

पद्धत समजायला सोपी आहे. हजार वेगवेगळी पुस्तके फाडून कपटे एका पोत्यात भरले आणि मग कपट्यांवरची अक्षरे जुळवून पाने लावायला घेतली, असे हे काम. ते संगणकाशिवाय होत नाही. 2006मध्ये अमेरिकेत दोन निरोगी माणसांच्या विष्ठेतला डीएनए अशा रीतीने वाचला गेला. 2010मध्ये ‘मेटाहिट’ या युरोपीय प्रकल्पाने 124 माणसांच्या नमुन्यांतून 33 लाख जिवाणू-जनुकांची यादी जाहीर केली. माणसाच्या स्वतःच्या जनुकांच्या ती सुमारे 150 पट होती.

त्याच वर्षी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या रोस्कोफ इथल्या संशोधकांनी समुद्रातल्या एका जिवाणूचे एन्झाइम तपासले. लाल शेवाळातली साखर तोडणे हे त्याचे काम. तसे जनुक आणखी कुणाजवळ आहे का, हे त्यांनी डीएनएच्या साठ्यात शोधले, तेव्हा ते जपानी माणसांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिसमध्ये सापडले. उत्तर अमेरिकेतल्या लोकांच्या नमुन्यांत ते नव्हते. जपानी लोक सुशीला गुंडाळलेले ‘नोरी’ शेवाळ पिढ्यानपिढ्या खातात. त्यासोबत समुद्रातले जिवाणू पोटात गेले आणि त्यांचे जनुक तिथल्या रहिवाशांनी घेतले. एका समाजाची थाळी अशी त्याच्या जिवाणूंच्या डीएनएत नोंदली गेली.

वेल्लोर आणि न्यूयॉर्क

इथपर्यंत आल्यावर अनेकांना वाटले की यादी मिळाली म्हणजे काम झाले. मोनोचा 1940चा आलेख मात्र नेमका याच समजुतीविरुद्ध होता. जिवाणूजवळ जनुक असणे आणि त्याने ते वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयरोगाच्या एका औषधाने हे पुन्हा समोर आणले.

डिगॉक्सिन हे फॉक्सग्लोव्ह नावाच्या वनस्पतीपासून मिळणारे जुने औषध. त्याची मात्रा अगदी मोजून द्यावी लागते, कारण थोडी कमी झाली तर उपयोग नाही आणि थोडी जास्त झाली तर जिवावर बेतते. 1981मध्ये न्यूयॉर्कमधल्या जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी दाखवले की काही रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू हे औषध निकामी करतात. अशा रुग्णाला अँटिबायोटिक दिले तर जिवाणू कमी होतात आणि रक्तातले डिगॉक्सिन एकाएकी वाढते.

पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या व्ही. आय. माथन यांच्यासोबत याच गटाने दक्षिण भारतातल्या आणि न्यूयॉर्कमधल्या निरोगी लोकांची तुलना केली. हा अभ्यास 1989मध्ये प्रसिद्ध झाला. औषध निकामी करणारे लोक न्यूयॉर्कमध्ये भारतापेक्षा बरेच जास्त निघाले. गोळी तीच, पण पोटातली वस्ती कुठे वाढली त्यावर तिचा परिणाम बदलत होता.

हे काम करणारा जिवाणू आज एगर्थेला लेंटा या नावाने ओळखला जातो. कोडे असे होते की ज्यांच्या पोटात औषध शाबूत राहते, त्यांच्याकडेही हा जिवाणू सापडे. 2013मध्ये पीटर टर्नबॉ यांच्या गटाने कोडे सोडवले. या जिवाणूच्या काही वाणांतच दोन जनुकांचा एक ऑपेरॉन असतो. डिगॉक्सिन समोर आले की तो उघडतो. अर्जिनिन हा प्रथिनांतला घटक भरपूर असला की तो दबून राहतो. उंदरांना प्रथिने जास्त असलेला आहार दिला तेव्हा त्यांच्या रक्तात अधिक औषध शिल्लक राहिले.

म्हणजे नुसते जिवाणूचे नाव कळून भागत नाही. त्याचा वाण कोणता, ऑपेरॉन आहे का आणि त्या दिवशी पोटात काय गेले, हे सगळे मोजावे लागते. ‘तुमच्या पोटातले जिवाणू ओळखा’ म्हणत महागड्या चाचण्या विकल्या जातात, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवावा. जिवाणूंच्या नावांची यादी म्हणजे त्यांच्या कामाचा अहवाल नव्हे.

डीएनएत दिसणारी कळ

मग चालू जनुके कशी ओळखायची? जनुक उघडले की त्याची आरएनए ही नक्कल तयार होते. ती वाचली तर काय चालू आहे ते कळते. अडचण अशी की जिवाणूंची ही नक्कल काही मिनिटांत विरते आणि नमुना लॅबमध्ये पोचायला तास लागतात. नमुना ताबडतोब गोठवून किंवा रसायनात ठेवूनच हे काम करता येते. 2014मध्ये आठ माणसांच्या नमुन्यांतला डीएनए आणि आरएनए शेजारी ठेवून पाहण्यात आला. जनुकांच्या संचात ही माणसे एकमेकांसारखी होती, पण त्या जनुकांच्या वापरात त्यांच्यातला फरक वाढला होता.

एका प्रकारची कळ मात्र डीएनएतच दिसते. जनुकाआधीचा जो तुकडा ‘सुरू कर’ असा आदेश देतो, त्याला प्रमोटर म्हणतात. काही जिवाणूंत हा तुकडा कापला जाऊन उलटा बसतो. सुलटा असला तर जनुक चालू आणि उलटा असला तर बंद. 2001मध्ये लॉरी कॉमस्टॉक यांच्या गटाने दाखवले की बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस हा जिवाणू आपल्या बाहेरच्या आवरणाचे प्रकार अशा रीतीने बदलत राहतो.

2019मध्ये बॉस्टन परिसरातल्या संशोधकांनी 54,875 जिवाणू-जिनोम संगणकावर तपासले आणि जनुकांच्या मधल्या जागांत असे 4,686 उलटणारे तुकडे शोधले. मग ते माणसांच्या मेटाजिनोमकडे वळले. कपटा सुलटा मिळतो की उलटा, हे मोजले की वस्तीत किती जणांची कळ चालू आहे ते कळते. काही ठिकाणी उलटणाऱ्या तुकड्यापुढे अँटिबायोटिकला दाद न देणारे जनुक होते. औषध घेतल्यावर त्या माणसांच्या नमुन्यांत चालू कळीचे प्रमाण वाढले होते.

यातला हिशेब जिवाणूच्या बाजूने चोख आहे. प्रतिकाराचे जनुक सतत चालू ठेवणे महागात पडते. म्हणून बहुतेक जण ते बंद ठेवतात आणि थोडे जण चालू. औषध आले की बंद कळीवाले मरतात आणि चालू कळीवाल्यांची संख्या वाढते. औषध थांबले की पुन्हा बंद कळीवाल्यांचे दिवस येतात, पण जनुक वस्तीतच राहते.

घरातल्या कपाटापर्यंत

आपल्याकडे ताप आला, सर्दी झाली किंवा पोट बिघडले की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, बरे वाटले की उरलेली पट्टी कपाटात ठेवायची आणि पुढच्या वेळी घरातल्या दुसऱ्याला द्यायची, ही पद्धत रूढ आहे. तीत कंजुषीही असते आणि डॉक्टरची फी परवडत नाही ही मजबुरीही. विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर त्या गोळीचा काही उपयोग होत नाही. आतड्यातल्या वस्तीला मात्र ती पोचते आणि तिथे ती काय करू शकते, ते सॅलियर्स यांच्या चंबूत आणि 2019च्या मेटाजिनोममध्ये दिसले आहे. त्या वस्तीतले प्रतिकाराचे जनुक उद्या रोग पसरवणाऱ्या जिवाणूकडे जाऊ शकते. मग खरी गरज पडेल तेव्हा तीच गोळी हात टेकते.

म्हणून अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नये आणि दिले तर सांगितल्याप्रमाणेच घ्यावे. हृदयरोगासारख्या आजाराची औषधे चालू असतील तर नवे अँटिबायोटिक घेण्याआधी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. कपाटातली उरलेली पट्टी शेजाऱ्याला देऊ नये.

एशरिशने 1885मध्ये बाळांच्या लंगोटात डोकावले ते मुले वाचावीत म्हणून. वोलमन दांपत्याने ज्या प्रश्नासाठी आयुष्य घातले, त्याचे उत्तर पाहायला ते उरले नाहीत. काळ्या पिशवीतली ती डबी लॅबच्या काउंटरवर ठेवताना लाजायचे कारण नाही. तिच्यात काय आहे हे शोधायला माणसांनी फार मोठी किंमत मोजली आहे.